झोंब्यांच्या नाश्त्याचा हिशेब

सकाळचे साडेआठ. साताऱ्याजवळच्या एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या आवारात चाळीस मेलेली माणसं रांगेत उभी होती आणि पोहे आले होते. गरम होते, वर खोबरं-कोथिंबीर होती, लिंबाच्या फोडी होत्या. पण निम्म्यांना खाताच येईना. ज्यांच्या ओठाच्या कडेला लॅटेक्स लावून गाल फाटलेला दाखवला होता, त्यांनी तोंड उघडलं की जखम सुटायची. पाऊण तासाची मेहनत एका घासात जायची. शेवटी स्पॉटदादाला गावात पिटाळलं. तो किराणा दुकानातून स्ट्रॉची पाकिटं घेऊन आला आणि झोंब्यांनी चहा स्ट्रॉने प्यायला, कोमट करून. माझ्या वहीत त्या दिवसाची पहिली नोंद आहे: स्ट्रॉ, ६० रुपये. खाली लाल शाईत: उद्या आधी नाश्ता, मग मेकअप.

मी निर्मितीचा हिशेब बघते. आधी प्रायोगिक नाटकांचा बघायचे, आता छोट्या सिनेमांचा. गेल्या दिवाळीत भाच्याने विचारलं, "मावशी, झोंबी पिक्चर करायचाय. रक्ताला किती लागतील?" सगळे हाच प्रश्न विचारतात. रक्ताला काहीच लागत नाही रे बाबा. आमच्या अख्ख्या सिनेमात रक्तावर सहा हजार रुपये गेले. जेवणावर गेले एक लाखाच्या वर.

(शब्दाबद्दल एक गोष्ट. झोंबी म्हटलं की माझ्या पिढीला आधी आनंद यादवांचं त्याच नावाचं पुस्तक आठवतं आणि मग मढी. २०२२च्या २६ जानेवारीला आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' आला आणि डोंबिवलीच्या टॉवरसमोर मढी चालायला लागली, तेव्हापासून हा अर्थ मराठीत घरचा झाला. तो मोठ्या कंपनीचा सिनेमा होता, आपलं गणित वेगळं आहे.)

समजायला सोपं म्हणून एकच नमुना घेऊ. सव्वा तासाचा सिनेमा, बारा दिवसांचं शूटिंग, एक जागा, सहा नट, बारा जणांचं युनिट, आणि त्यातले दोन दिवस चाळीस झोंबी. आकडे माझ्या वहीतले आहेत, पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यातले, घासाघीस करून मिळालेले. मुंबईत यात सरळ निम्म्याने भर घाला. भाड्याच्या सामानाचे दर सांगताना दुकानदार 'प्लस जीएसटी' हे दोन शब्द जरा हळू म्हणतो, ते ऐकायला शिका. १८ टक्के असतात. मी खाली दिलेल्या रकमा तो धरूनच आहेत.

कॅमेरा आणि दोन-तीन लेन्स, दिवसाला सहा हजार. लाइट, स्टँड, जनरेटर मिळून सात हजार. साउंड रेकॉर्डिस्ट स्वतःच्या सामानासकट सहा हजार. जागेचं भाडं सहा हजार, दोन गाड्या साडेसहा हजार. मेकअप करणारा चार हजार. युनिटमधल्या आठ जणांना दोन-दोन हजार, नटांना दीड-दीड हजार. लेखक आणि दिग्दर्शक आपलेच, त्यांना जेवण. हे सगळं बाराने गुणा. त्यात मेकअपचं सामान आणि मदतनीस पस्तीस हजार, कपडे आणि वस्तू चाळीस हजार, तीन हार्ड डिस्क तीस हजार, एडिटिंग आणि रंग एक लाख, साउंडचं पुढचं काम सव्वा लाख, संगीत चाळीस हजार, कागदपत्रं आणि प्रमाणपत्राची धावपळ साठ हजार. झोंब्यांचं मानधन आणि सगळ्यांचं जेवण धरलं की बेरीज तेरा लाखांना टेकते. वर दहा टक्के हाताशी ठेवा, म्हणजे सव्वाचौदा. रक्त यात अर्धा टक्काही नाही.

बेरजेपेक्षा एक छोटा आकडा जास्त कामाचा. शूटिंगचा एक दिवस वाढला तर झोंबी नसतानाही पासष्ट-सत्तर हजार जातात. बारा तासांचा दिवस धरला तर मिनिटाला साधारण शंभर रुपये. मी हा आकडा पुठ्ठ्यावर लिहून मॉनिटरशेजारी टांगते. दिग्दर्शक नटाशी वीस मिनिटं 'या मेलेल्या माणसाला काय हवंय' यावर चर्चा करतो तेव्हा तो पुठ्ठा नुसता हलवते.

आणि झोंबीचा दर? एक झोंबी, एक दिवस, हजार रुपये. पाचशे मानधन आणि जाण्या-येण्याचे, साडेतीनशे खाणं, दीडशे मेकअपचं सामान आणि मदतनिसाच्या मजुरीतला वाटा. "कॉलेजची पोरं आहेत, फुकट येतील," असं तुमचा दिग्दर्शक म्हणेल. येतात. एकांकिका करणाऱ्या ग्रुपमधली मुलं तर पहाटे पाचला येतात आणि शिकवणाऱ्यापेक्षा चांगलं लंगडतात. पण फुकट आलेला माणूससुद्धा जेवतो, त्याला बाथरूम लागतं, संध्याकाळी अंगावरचा रंग काढायला गरम पाणी लागतं आणि रात्री एसटी चुकली तर गाडी लागते. शिवाय फुकट आलेला दुसऱ्या दिवशी येत नाही. पहिल्या दिवशी खिडकी फोडून हात आत घालणारा झोंबी दुसऱ्या दिवशी सबमिशन आहे म्हणून गायब झाला तर त्याचा हात कोणाचा दाखवणार? पाचशे रुपये हातात दिले आणि सही घेतली की माणूस येतो. ती सही पुढेही लागते, त्याबद्दल खाली.

जगातल्या स्वस्त झोंबीपटांच्या कथा सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण त्यातला पैसा कुठे वाचला हे कोणी नीट बघत नाही. मार्क प्राइसचा 'कॉलिन' (२००८) पंचेचाळीस पौंडांत झाला, म्हणजे तेव्हाचे साडेतीन-पावणेचार हजार रुपये. एक पहार, काही टेप, चहा-कॉफी. बातमी खरी, पण ते पंचेचाळीस पौंड म्हणजे फक्त त्याच्या खिशातून गेलेली रोकड. जुना मिनी-डीव्ही कॅमेरा त्याच्याकडे होता, माणसं फेसबुक-मायस्पेसवरून फुकट गोळा झाली, आणि काम दीड वर्ष चाललं. दीड वर्ष तुमची मित्रमंडळी टिकणार असतील तर तेवढ्यात तुमचाही होईल. माझी टिकली नसती.

त्यापेक्षा मला जेरेमी गार्डनरचा 'द बॅटरी' (२०१२) जवळचा वाटतो. सहा हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे तीनेक लाख. दहा मित्रांकडून सहाशे-सहाशे डॉलर घेतले. गंमत म्हणजे जॉर्ज रोमेरो आणि मंडळींनी 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ची सुरुवात हुबेहूब अशीच केली होती, दहा जण, प्रत्येकी सहाशे. कंपनीचं नावही 'इमेज टेन'. तो सिनेमा पुढे सुमारे १,१४,००० डॉलरवर गेला. गार्डनर तिथेच थांबला, कारण त्याने गोष्टच तशी बेतली होती: बेसबॉल खेळणारे दोघं, कनेक्टिकटच्या रानातून चालतायत, उजेड आहे, झोंबी मोजून थोडे. कळीच्या प्रसंगात दोघं गाडीत अडकलेत आणि कॅमेरा आतच आहे. बाहेरच्या झुंडीचा आपल्याला मुख्यतः आवाज येतो. हजार रुपयांच्या हिशेबाने बघा, आवाजाला जेवण लागत नाही.

आणि जपानी 'वन कट ऑफ द डेड'. शिनइचिरो उएदाने टोकियोतल्या एका अभिनयशाळेच्या कार्यशाळेतून तो केला, तीस लाख येन, त्या दराने अठरा-एकोणीस लाख रुपये. आपल्या नमुन्याच्या आसपासच की! शूटिंग आठ दिवस. मुख्य जागा एक, ओसाड पडलेला जलशुद्धीकरण प्रकल्प. सुरुवातीला सदतीस मिनिटांचा एकच सलग शॉट. जून २०१८मध्ये टोकियोत दोन थिएटरांत लागला आणि पुढे तीन अब्ज येनांच्या वर कमावले. सगळे त्या कमाईबद्दल बोलतात, मी त्या सदतीस मिनिटांबद्दल बोलते. सलग शॉट म्हणजे तालमी. तालमीला कॅमेऱ्याचं भाडं नाही, जनरेटर नाही, रक्त नाही. एक हॉल, चटया आणि चहा. ज्या गोष्टी तालमीत सुटतात त्या मिनिटाला दोन रुपयांत सुटतात, सेटवर त्यालाच शंभर लागतात. आपल्याकडे नाटकवाली मंडळी हे जन्मापासून जाणतात आणि सिनेमा करायला घेतला की पहिल्या दिवशी विसरतात.

आता रक्त, कारण ते स्वस्त असलं तरी चुकलं की महाग पडतं. तयार मेकअपचं रक्त छोट्या बाटलीत येतं आणि शेकडो रुपयांत जातं, ते फक्त क्लोजअपसाठी एक-दोन बाटल्या घ्या. बाकी सगळं घरी. एक किलो साखर, अर्धा लिटर पाणी, एकतारी पाक. गार झाला की खायचा लाल रंग, त्यात अगदी चिमूटभर निळा, आणि कोको पावडर चमचाभर पाण्यात कालवून. कोको नसेल तर लाल रक्त सरबतासारखं दिसतं. रंगाला जडपणा त्यानेच येतो. रोमेरोचा सिनेमा कृष्णधवल होता म्हणून त्याचं काम नुसत्या चॉकलेट सिरपवर भागलं. दाट हवं तर कॉर्नफ्लोअर. लिटरला शंभर-सव्वाशेच्या पुढे जात नाही. सुकलेल्या, काळपट रक्ताला आमच्या एका कोकणातल्या मुलीने कोकमाचं आगळ आणलं आणि ते इतकं चोख दिसलं की पुढचे सगळे जुने डाग आगळाचेच. बिटाचा रस मात्र घेऊ नका, दुपारपर्यंत तपकिरी होतो.

दोन बादल्या वेगळ्या ठेवा आणि त्यांवर मोठ्या अक्षरात लिहा. एक 'तोंडातलं', त्यात खाण्याच्या वस्तूंशिवाय काही नाही. दुसरी 'कपड्यांचं', त्यात थोडा भांड्यांचा लिक्विड साबण, म्हणजे डाग धुताना सुटतात. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी लेबलं भिजून निघाली आणि एक झोंबी माणसाचा गळा फोडून तोंडातून फेस काढायला लागला. दिग्दर्शकाला तो शॉट फार आवडला. मुलाला दिवसभर मळमळत होतं. साबणवालं रक्त डोळ्यांत गेलं तर त्याहून वाईट, म्हणून सेटवर स्वच्छ पाण्याची बाटली आणि प्रथमोपचाराची पेटी जवळ पाहिजे, गाडीत नको.

आतड्यांसाठी खाटकाकडे जाऊ नका. रोमेरोच्या भागीदारांत एक मांसविक्रेता होता, त्याने खरी आतडी दिली, हे खरं. पण एप्रिलच्या उन्हात साताऱ्यात खरी आतडी दोन तासांत सेट रिकामा करतील. जुने नायलॉनचे पायमोजे, आत कापूस, वरून लॅटेक्स आणि पाक. चार माणसांची आतडी तीनशे रुपयांत.

मेकअपचा हिशेब वर्ग पाडूनच करावा. चेहरा पडदाभर दिसणार असे झोंबी चार-पाच. त्यांना दोन-अडीच तास, लॅटेक्स आणि टिश्यू पेपरचे थर, ब्रशने रंग. मधल्या रांगेतले पंधरा, त्यांना वीस-वीस मिनिटं, मुलतानी मातीचा पातळ लेप, डोळ्याभोवती काळं-जांभळं, एखादी जखम. मागचे वीस, त्यांना तीन मिनिटं: राखाडी पावडर, विस्कटलेले केस, शर्टावर रक्ताचा पंजा, पळ. उलटं केलंत, म्हणजे सगळ्यांवर सारखी मेहनत घेतलीत, तर पहिला शॉट दुपारी दोनला लागतो. मिनिटाला शंभरचं गणित तुम्हीच करा. मागच्या वीस जणांना चेहरा न देता चाल द्या. एक नृत्य किंवा मूकनाट्य येणारी मुलगी अर्ध्या दिवसासाठी बोलवा. वाकड्या पावलांना मेकअपचा खर्च नसतो.

लॅटेक्स लिटरला पाचशे ते आठशे. आदल्या दिवशी प्रत्येकाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून बघा, काहींना पुरळ येतं. भुवया आणि दाढीवर व्हॅसलीन लावल्याशिवाय लॅटेक्स नको, नाहीतर संध्याकाळी केसांसकट निघतं. संध्याकाळी खोबरेल तेल भरपूर. पांढऱ्या डोळ्यांच्या स्वस्त लेन्स कुठूनही मागवू नका, एकाच्या दुसऱ्याला तर मुळीच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मापाच्या घ्या, त्याही क्लोजअपवाल्या दोघांना. बाकीच्यांनी डोळे अर्धे मिटावेत. पीटर जॅक्सनने 'बॅड टेस्ट'चे मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले होते, तेव्हा घरचं स्वयंपाकघर वापरायला लाजू नका. फक्त आईला विचारा.

कपडे पुण्यातल्या जुन्या बाजारातून, बुधवारी किंवा रविवारी. शंभर-दीडशेला शर्ट. चहाच्या पाण्यात बुडवले, दगडावर घासले, खिशाच्या कडा किसणीवर घासल्या की माणूस सहा महिन्यांपूर्वी मेल्यासारखा वाटतो. नायिकेचा ड्रेस मात्र नवा आणि एकसारखे तीन. एक कोरा, एक रक्ताचा, एक रक्ताचा वाया जाईल तेव्हासाठी. शूटिंग क्रमाने होत नाही. पहिल्या दिवशी शेवटचा प्रसंग घेतला आणि चौथ्या दिवशी तिला स्वच्छ ड्रेसमध्ये भाजी घ्यायला पाठवायचं असेल तर एका ड्रेसवर भागत नाही. आम्ही दोनच घेतले होते. तिसरा आणायला पुण्याला गाडी गेली, सहाशेचा ड्रेस साडेचार हजारांना पडला.

रात्र टाळा. झोंबी म्हणजे रात्र असं मनात बसलेलं असतं. रात्री लाइट दुप्पट, जनरेटर पूर्ण वेळ, एक जेवण जास्त, सगळ्यांना घरी सोडायला गाड्या, दुसरा दिवस अर्धा मेलेला, आणि पहाटे तीनला माणसं खरोखर झोंबी होतात पण कॅमेऱ्यासमोर नाही. आपल्याकडचं दुपारचं ऊन, रिकामा रस्ता, बंद दुकानं, लांबून एकच माणूस तिरका चालत येतोय. हे मला अंधारापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं आणि त्याला लाइटचा खर्च नाही. रात्रीचे प्रसंग बारातल्या दोन रात्रींत कोंबा.

जागेबाबत रोमेरोकडून थेट उचलण्यासारखं काही असेल तर हे: पेन्सिल्व्हेनियातलं इव्हान्स सिटीजवळचं ते शेतघर पाडायला काढलेलं होतं, म्हणून त्यांना हवी तशी मोडतोड करता आली. आपल्याकडे पुणे, ठाणे, डोंबिवलीत रिडेव्हलपमेंटसाठी रिकाम्या झालेल्या इमारती गल्लीगल्लीत आहेत. भाडेकरू गेलेत, दारं अजून आहेत, भिंतीवर कॅलेंडरं लटकतायत. सोसायटी आणि बिल्डर दोघांचीही लेखी परवानगी घ्या, वीज-पाणी तोडलंय का ते विचारा, आणि एखादा ओळखीचा इंजिनिअर जिना-गच्ची बघून देईल तिथेच माणसं चढवा. धोकादायक म्हणून पालिकेने नोटीस लावलेली इमारत कितीही सुंदर असली तरी नको. पडक्या जागेत टॉयलेट नसतं. फिरतं टॉयलेट भाड्याने घ्या, त्यावर घासाघीस करू नका.

परवानगीचा खर्च पैशांत कमी आणि दिवसांत जास्त. रस्ता, मैदान, सरकारी जागा असेल तर राज्याची एक खिडकी व्यवस्था आहे, अर्ज निदान तीन-चार आठवडे आधी करा. जागा खासगी असली तरी स्थानिक पोलीस ठाण्यात तारखा, माणसांची संख्या आणि 'रक्ताळलेल्या वेशातले कलाकार' असं स्पष्ट लिहून पत्र द्या आणि पोचेची सही घ्या. आमचा एक झोंबी पूर्ण मेकअपमध्ये हायवेच्या टपरीवर गुटख्याला गेला होता. पंधरा मिनिटांत गाडी आली. पत्र दाखवलं, हवालदारांनी दोन सेल्फी काढले, तासभर गेला. म्हणजे सहा हजार. खेळण्यातली बंदूक लांबून खरी वाटते, ती सेटबाहेर पिशवीतच ठेवा. रेल्वे स्टेशनचा प्रसंग लिहिला असेल तर खोडा.

पटकथेतल्या दोन ओळींची किंमत लिहिणाऱ्याला माहीत नसते. 'एक लहान मुलगी झोंबी होते.' चौदा वर्षांखालच्या मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, आणि मानधनातले निदान वीस टक्के तिच्या नावाने बँकेत ठेव. हे योग्यच आहे. पण मग तिचे शॉट दोन दिवसांत वाटले जातील हे धरा. दुसरी ओळ: 'कुत्रा भुंकतो.' कुत्रा पडद्यावर दिसला तर हरियाणातल्या बल्लभगढला असलेल्या प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते, ती नसेल तर प्रमाणपत्राच्या वेळी तो शॉट गळ्याशी येतो. कुत्रा नुसता ऐकू येऊ द्या. फुकट आहे, आणि जास्त भीती वाटते.

आवाजाकडे वळते, कारण छोटे सिनेमे तिथेच मरतात. चित्र थोडं हललं, अंधारलं तर लोक म्हणतात, शैली आहे. संवाद ऐकू आला नाही तर उठून जातात. म्हणून कॅमेरा स्वस्तातला घ्या, अगदी चांगला मोबाइलही चालेल. २०२५चा '२८ इयर्स लेटर' हा मोठ्या पैशांचा सिनेमासुद्धा बराचसा आयफोनवर घेतला आहे. साउंड रेकॉर्डिस्ट मात्र कापू नका. आणि तारखा ठरवताना दाते पंचांग समोर ठेवा. आम्ही ठेवलं नाही. सातव्या दिवशी, शांत, रडका, सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग चालू असताना गिरणीमागच्या रस्त्यावरून वरात गेली. डीजेवर कुठलंसं गाजलेलं गाणं. संवाद गेले ते गेलेच, वर त्या गाण्याचे हक्क आपल्याकडे नाहीत, म्हणजे तो आवाज ठेवताही येत नाही. तेवढा प्रसंग डब करायला स्टुडिओचे तास आणि दोन नटांचा प्रवास मिळून अकरा हजार गेले, आणि आजही त्या प्रसंगात ती मुलगी खोलीत नाही, बाटलीत बोलतेय असं वाटतं.

उलट बाजूला, झोंबीचा आवाज हा सगळ्यात स्वस्त भाग आहे. हाड मोडायला शेवग्याची शेंग, मोठं हाड असेल तर ऊस. मांस फाडायला ओला टॉवेल आणि पिकलेली पपई. चावण्याला काकडी, माइकच्या अगदी जवळ. एका संध्याकाळी मंडईतून दोनशे रुपयांची भाजी आणून आमच्या साउंडवाल्याने अख्खी झुंड उभी केली. उरलेल्या शेंगांची आमटी केली.

कागद कंटाळवाणे आहेत, पण रोमेरोचा एक किस्सा ऐकून मग कंटाळा करा. सिनेमाचं नाव आधी 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' होतं. वितरकाने नाव बदललं, नवी पाटी घातली, आणि जुन्या पाटीवर असलेली कॉपीराइटची ओळ नव्या पाटीवर घालायची राहिली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्याने तेवढ्याने हक्क गेला. नंतर ज्याला पाहिजे त्याने तो सिनेमा विकला. आपल्याकडे ओळ नसली म्हणून हक्क जात नाही, पण हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीचं नसेल तर कायद्यापुढे ते झालेलंच नसतं. लेखक, संगीतकार, प्रत्येक नट, प्रत्येक झोंबी, जागेचा मालक: सगळ्यांची एका पानाची सही, पहिल्या दिवशी, पैसे देतानाच. ओटीटीवाले आधी सिनेमा बघत नाहीत, आधी हे कागद मागतात. पटकथेची कॉपीराइट नोंदणी ५०० रुपये, पूर्ण सिनेमाची ५,०००. मराठीत करत असाल तर नावाची नोंद चित्रपट महामंडळात आधी तपासा. झोंबीवरून जुळणाऱ्या सगळ्या कोट्या आधीच कोणीतरी केलेल्या असतात.

थिएटरात लावायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, यूट्यूब-ओटीटीला लागत नाही. २०२४च्या नियमांपासून यूएचे तीन गट झालेत, ७+, १३+ आणि १६+. आतडी थोडी कमी दाखवलीत तर १६+ मध्ये बसण्याची आशा धरता येते, नाहीतर 'ए'. 'ए' मिळाला की टीव्हीचं दार जवळजवळ बंद, म्हणून रक्ताचे शॉट घेतानाच एक सौम्य पर्यायही घेऊन ठेवा. त्याला दहा मिनिटं जातात.

हार्ड डिस्क तीन, तीन वेगळ्या घरांत. त्यावर काही बोलायला नको.

राहिलं डिपॉझिट. गिरणीच्या मालकांनी पंचवीस हजार ठेवून घेतले होते आणि माणूस सज्जन होता. शेवटच्या रात्री आम्ही झाडलोट केली, फरशी पुसली, दिवे बंद केले, निघालो. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "ताई, तुमची माणसं गेली, पण मुंग्या आल्यात." साखरेचा पाक भिंतीत मुरला होता, नुसत्या फडक्याने जाणारा नव्हता. गरम पाणी, सोडा, दोन बायकांची दोन दिवसांची मजुरी, चुन्याचा एक हात, मुंग्यांची पावडर: ४,३०० रुपये. बाकीचे वीस हजार सातशे त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाठवले, आणि विचारलं, पिक्चर कधी लागतोय, गिरणीच्या जुन्या कामगारांना दाखवायचाय.

तेव्हा पहिल्या दिवशीच भिंतींना तळापासून कमरेएवढं प्लास्टिक लावा. मीटरवर मिळतं, पूर्ण हॉलला आठशे रुपये पुरतात.